यावल–रावेर भूजल मॉडेल : एका जुन्या फ्लॅगच्या कामाच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२५, जळगाव

भूजल मॉडेलचा कोड आजपासून माझ्याकडे. यावल आणि रावेर तालुक्यांतला, सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीच्या काठापर्यंतचा पट्टा, पन्नास मीटरच्या चौकटींत कापलेला. एका थरात बाराशे गुणिले पाचशे, म्हणजे सहा लाख चौकटी. असे दोन थर. वर पायथ्याला दगडगोट्यांचा बझाडा, तिथे पाणी झटकन मुरतं. खाली तापीचा गाळ, त्यावर केळी आणि केळीखाली बोअरवेलच बोअरवेल. प्रत्येक चौकटीला पाण्याची पातळी, वहनक्षमता, साठवण, पुनर्भरण, उपसा.

कोड सी-मध्ये, नदीच्या कडेचा भाग जुन्या फोरट्रानमध्ये. गणितात खोट नाही, वेळ फार खातं. तीस वर्षांचा रन संध्याकाळी लावायचा, सकाळी बघायचा, आणि मध्ये वीज गेली की पहिल्यापासून. (निकाल मधूनमधून डिस्कवर ठेवण्याची सोय नाही. ते वेगळं काम, यादीत टाकलं.)

मेकफाइलमध्ये (कोड कसा बांधायचा ते सांगणारी फाइल) कंपाइलरला दिलेले फ्लॅग, म्हणजे सूचना: ओ३, म्हणजे वेगासाठी जोर लाव, आणि त्याला लागून एफनो-स्ट्रिक्ट-अलियासिंग (पुढे नुसतं ‘नो’). वर कॉमेंट: ‘काढू नये, आकडे फाटतात.’ कोणी लिहिली, कधी, कोणते आकडे, काही नाही.

ज्युनिअर विचारणारच, म्हणून अर्थ लिहून ठेवतो. सी-मध्ये दोन पॉइंटर (मेमरीतल्या जागांचे पत्ते) एकाच जागेला लागू शकतात, हेच अलियासिंग, एका गटाचे दोन नावांनी दोन सातबारे निघावेत तसं. एका नावाने काही लिहिलं की दुसऱ्या नावाने आधी वाचलेला आकडा अजून खरा आहे का, हे कंपाइलरला सांगता येत नाही. मग तो बिचारा पुन्हा मेमरीत जातो. भाषेच्या नियमांनी त्याला एक सवलत दिली आहे: भिन्न प्रकारांचे पॉइंटर, समजा एक डबलचा (दशांश आकडा) आणि एक इंटचा (पूर्णांक), एकाच जागेला लागत नाहीत असं धरून चालावं. कॅरेक्टरचा पॉइंटर त्याला अपवाद, तो कशालाही लागू शकतो. जीसीसी, म्हणजे आपला कंपाइलर, ही सवलत ओ२ पासून पुढे आपसूक घेतो. ‘नो’ लावलं की सोडून देतो.

५ नोव्हेंबर

कोड वाचला. सगळं एका ‘ग्रिड’ नावाच्या स्ट्रक्चरात आहे: आडव्या चौकटींची संख्या, उभ्यांची संख्या, आणि डबलचे सहा पॉइंटर. मुख्य लूप थेट ग्रिडमधूनच वाचतो-लिहितो. डोळ्यांना बरं दिसतं.

आता ‘नो’ लावलेला असताना कंपाइलरचे हाल बघा. नव्या पातळीत एक डबल लिहिला. तो पडला कुठे? ग्रिडमधल्या ‘आडव्या चौकटी’ ह्या इंटवर पडला असेल. किंवा ‘पातळी’ ह्या पॉइंटरवरच पडला असेल. असं होत नसतं हे आपल्याला ठाऊक आहे, पण तसं धरायला त्याला आपणच मनाई केली आहे. म्हणून दर चौकटीला तो संख्या पुन्हा वाचतो, पॉइंटर पुन्हा वाचतो. आणि लूप किती वेळा फिरणार हेच आधी नक्की नसल्यामुळे व्हेक्टराइज करायचं, म्हणजे अनेक आकडे एकदम उचलायचं, नावही काढत नाही. एफ-ऑप्ट-इन्फो-व्हेक-मिस्ड (काय व्हेक्टराइज झालं नाही ते सांगणारा फ्लॅग) लावल्यावर नेमकं हेच म्हणाला: फेऱ्यांची संख्या काढता येत नाही. असेंब्ली (कंपाइलरने बनवलेल्या प्रोसेसरच्या सूचना) उघडून खात्री केली. आकडेमोड सुरू होण्याआधी दर फेरीला पॉइंटरच्या लोडची रांग.

उबंटू २४.०४ वरचा जीसीसी १३ आहे. एम-आर्च-नेटिव्ह (ह्याच प्रोसेसरसाठी बांध, असा फ्लॅग) नव्हतं, म्हणजे साध्या एक्स८६-६४ च्या १२८ बिटांवरच भागत होतं, दोन डबल एका वेळी. लावलं. आता एव्हीएक्स२, चार डबल. अर्थात व्हेक्टर व्हायला लूप तयार असेल तर.

७ नोव्हेंबर

‘नो’ काढून चालवलं. एका टाइमस्टेपचा वेळ निम्म्याच्या आसपास आला, आणि यावलच्या बाजूच्या बऱ्याच निरीक्षण विहिरींची पातळी ०.०० छापली. समुद्रसपाटीला. कॉमेंट लिहिणारा खोटं बोलला नव्हता.

सगळ्या नाही, काहीच विहिरी. ह्या काही विहिरींत सारखं काय ते शोधण्यात सकाळ गेली. सगळ्या जुन्या बायनरी फाइलींतल्या निघाल्या, ज्या कुठल्याशा वर्कस्टेशनवर लिहिल्या गेल्या होत्या आणि ज्यांत बाइटांचा क्रम आपल्या उलट आहे. वाचणारं फंक्शन फ्लोटचा (चार बाइटांचा दशांश आकडा) पॉइंटर घेतं, त्याला कास्ट करून बिनचिन्ह पूर्णांकाचा पॉइंटर बनवतं, चार बाइट उलटवतं, आणि पुढचा कोड तोच आकडा फ्लोट म्हणून वाचतो. ह्यालाच नियमाने मनाई आहे. फंक्शन इनलाइन झालं (बोलावणाऱ्याच्या कोडातच मिसळलं), आणि कंपाइलरच्या लेखी पूर्णांकात लिहिणं आणि फ्लोटमध्ये वाचणं यांचा एकमेकांशी संबंध उरला नाही. वाचन आधी झालं, उलटवणं मागाहून.

०.०० का, तेही पाहिलं. २०० हा फ्लोट सोळा-अंकी पद्धतीत ४३४८०००० असा असतो. बाइट न उलटवता वाचला तर तो ००००४८४३ होतो, म्हणजे सुमारे २.५९ गुणिले दहाचा उणे एकेचाळिसावा घात. दोन दशांशांत छापला की शून्य. कुठे नॅन (‘हा आकडाच नाही’ अशी खूण) नाही, कुठे क्रॅश नाही. सॉल्व्हरनेही (समीकरणं सोडवणारा भाग) मुकाट्याने त्या विहिरींभोवती खड्डा काढून दिला. नकाशात तो अति उपशाचा खड्डा म्हणून सहज खपला असता, कारण तिथे उपसा आहेच.

दुरुस्ती छोटी आहे. चार बाइट मेमकॉपीने (बाइट जसेच्या तसे उतरवणारं फंक्शन) पूर्णांकात घ्यायचे, जीसीसीच्या बिल्टइन बीस्वॅप३२ ने उलटवायचे, मेमकॉपीनेच परत फ्लोटमध्ये ठेवायचे. मेमकॉपी म्हटलं की लोकांना फंक्शन-कॉलची धास्ती वाटते. चार बाइटांसाठी जीसीसी कॉल करतच नाही, रजिस्टरमधली हलवाहलव करून मोकळा होतो. युनियन (एकाच जागेला दोन प्रकार) वापरूनही सी-मध्ये हे चालतं, पण हीच फाइल आलेख काढणाऱ्या खिडकीवाल्या प्रोग्रॅममध्ये सी-प्लस-प्लस म्हणून कंपाइल होते आणि तिथे युनियनची ही पळवाट भाषेने दिलेली नाही. मेमकॉपी दोन्हीकडे चालतं.

८ नोव्हेंबर

अशी आणखी किती ठिकाणं आहेत? डब्ल्यू-स्ट्रिक्ट-अलियासिंग ही वॉर्निंग डब्ल्यू-ऑलमध्ये येते, तिसऱ्या पातळीवर. मग इतकी वर्षं कोणाला दिसली कशी नाही? कारण एफ-स्ट्रिक्ट-अलियासिंग चालू असेल तरच ती बोलते. ‘नो’ लावून आग विझवली आणि त्याच हाताने धुराची घंटाही काढून ठेवली गेली.

दुसऱ्या पातळीवर चालवली. ही जास्त बडबडते, उगाच शंका घेते, पण एकदाच बसून वाचायला चांगली. लॉगर (नोंदी घेणारं यंत्र) वाचणाऱ्या बाहेरच्या लायब्ररीत ढीगभर कास्ट. ती फाइल आपली नाही, तिला हात लावणार नाही. तेवढ्या एका फाइलीला ‘नो’ राहू दे. मेकमध्ये फाइलनिहाय फ्लॅग देता येतो, त्यासाठी सगळ्या घराला कुलूप लावायची गरज नाही.

‘नो’ वापरणं कमीपणाचं मानू नये हेही इथे लिहून ठेवतो. लिनक्सचा कर्नल आजही एफनो-स्ट्रिक्ट-अलियासिंगनेच बांधला जातो, आणि जाणूनबुजून. पायथन २ चा इंटरप्रिटरही तसाच बांधत. पायथन ३ साठी त्यांनी ऑब्जेक्टच्या मथळ्याची रचनाच नियमाला धरून बदलली. आपल्याकडे प्रश्न एवढाच की आपला सगळा वेळ डबलच्या लूपमध्ये जातो, आणि तिथे ही किंमत परवडत नाही.

१० नोव्हेंबर

गंमत. ग्रिडमधले सहा पॉइंटर आणि दोन्ही संख्या लूपच्या आधी स्थानिक व्हेरिएबलमध्ये उतरवून घेतल्या. बस एवढंच. स्थानिक व्हेरिएबलचा पत्ता कोणी घेतलेला नाही, त्यामुळे कुठलाही डबल त्यावर येऊन पडू शकत नाही, हे कंपाइलरला कुठल्याही फ्लॅगशिवाय दिसतं. ‘नो’ पुन्हा लावून मोजलं: वेग तोच. न लावता मोजलं: तोच.

म्हणजे मुख्य लूपपुरता हा फ्लॅग असला काय नि नसला काय, सारखंच. कोडच्या आठ ओळींनी ते काम केलं. पूर्ण मेकफाइलभर लागू होणाऱ्या गृहीतावर भिस्त ठेवण्यापेक्षा मला हे बरं वाटतं; वाचणाऱ्यालाही लूपच्या तोंडाशीच दिसतं की आत काय बदलतं आणि काय नाही.

१२ नोव्हेंबर

ज्युनिअरचा प्रश्न रास्त होता: “दादा, पण सहाच्या सहा ॲरे डबलचेच आहेत ना? मग प्रकार वेगळे असण्याचा उपयोग काय?”

काहीच नाही. प्रकारावरून फक्त डबल आणि इंट वेगळे करता येतात. नवी पातळी आणि जुनी पातळी, दोन्ही डबल. एकमेकींवर चढलेल्या असू शकतात. इथे ओ३ वरचा जीसीसी दोन लूप बनवतो, एक व्हेक्टरवाला आणि एक साधा, आणि आत शिरण्याआधी पत्ते तपासून ठरवतो की कुठल्या वाटेने जायचं. ऑप्ट-इन्फोमध्ये तसं लिहून येतं: अलियासिंगच्या शक्यतेमुळे लूपच्या आवृत्त्या केल्या. लिहिला जाणारा ॲरे एकच, त्यामुळे तपासणी उरलेल्या पाचांशीच.

पॉइंटरला रेस्ट्रिक्ट हा शब्द लावला, म्हणजे ‘ह्याच्या जागेला दुसरा कोणी लागत नाही’ अशी हमी दिली, की ही तपासणी जाते. सी९९ पासूनचा शब्द आहे; सी-प्लस-प्लसच्या प्रमाणात तो नाही, तिथे जीसीसीचा दोन-दोन अधोरेषांमधला अवतार वापरतात. लावून मोजलं. फरक शोधून सापडेना. बाराशे चौकटींच्या ओळीआधी पाच-सहा तुलना वाचवून काय मिळणार?

मात्र ओ२ वर चित्र वेगळं. जीसीसी १२ पासून ओ२ वरही व्हेक्टरायझेशन चालू असतं, पण ‘अतिस्वस्त’ नावाच्या हिशोबाने, आणि ह्या हिशोबात धावतेवेळची पत्त्यांची तपासणी मुळीच चालत नाही. तपासणी लागते म्हटल्यावर तो लूप साधाच ठेवतो. म्हणजे ओ२ वर रेस्ट्रिक्ट नसेल तर व्हेक्टर नाहीच; असलं तरी जीसीसी १३ ला फेऱ्यांची संख्या कंपाइल करतानाच ठाऊक असावी लागते. कोणी “रेस्ट्रिक्टने काही होत नाही” म्हणतं, कोणी “दुप्पट झालं” म्हणतं. दोघांनाही आधी ओ किती ते विचारावं.

चौपट वेग येत नाही त्याचं कारणही टिपून ठेवतो. एका थराचा एक ॲरे ४८ लाख बाइटांचा, सहा ॲरे, दोन थर. हे सगळं कॅशमध्ये (प्रोसेसरजवळची छोटी मेमरी) मावत नाही. प्रोसेसर चार-चार डबल गिळायला तोंड उघडून बसतो आणि मेमरी घास पुरवत नाही.

१८ नोव्हेंबर

आजची नोंद लांब होणार.

ज्युनिअरने परवा सांगितलं होतं की सॉल्व्हरमध्ये गाउस-सायडलचा (शेजाऱ्यांचे ताजे आकडे घेत फेऱ्याफेऱ्यांनी उत्तराकडे जाणारी पद्धत) पर्याय निवडला की ओ१ आणि ओ३ च्या बिल्डमध्ये फेऱ्यांची संख्या जुळत नाही. उत्तर दोन्हीकडे तेच, ठरलेल्या फरकाच्या आत. फक्त ओ३ ला जास्त फेऱ्या लागतात. वेगवान बिल्डला जास्त फेऱ्या! पहिला संशय फास्ट-मॅथ ह्या फ्लॅगवर गेला, कारण बेरजेचा क्रम बदलला की आकडे हलतात. पण ते आपल्या मेकफाइलमध्ये नाहीच.

शिथिलीकरणाचं (दर चौकटीचा आकडा शेजाऱ्यांवरून सुधारणारं) फंक्शन उघडलं. दोन पॉइंटर घेतं, ‘बाहेर’ आणि ‘आत’, आणि दोघांवर रेस्ट्रिक्ट आधीपासून लावलेलं. याकोबीसाठी ठीक: जुन्यातून वाचायचं, नव्यात लिहायचं. पण गाउस-सायडलसाठी दुसरं फंक्शन न लिहिता कोणीतरी हेच बोलावलं आहे, दोन्ही जागी एकच ॲरे देऊन. कल्पना अशी की डावीकडच्या शेजाऱ्याचा ताजा आकडा आपोआप मिळेल.

सहीनिशी लिहून दिलंय की हे दोन वेगळे आहेत, आणि हातात दिला एकच. ओ१ वर लूप एकेक चौकट घेत जातो, म्हणून ताजा शेजारी मिळतो, कल्पना खरी ठरते. ओ३ वर लूप चार चौकटी एकदम उचलतो. चौघांतल्या पहिल्याला डावा शेजारी ताजा मिळतो, कारण तो मागच्या चौकडीने लिहून ठेवलेला असतो. उरलेल्या तिघांना शिळा. वरच्या ओळीचे आकडे ताजेच. म्हणजे पद्धत ना धड गाउस-सायडल ना धड याकोबी. मधलंच काहीतरी, जे कुठल्याच पुस्तकात नाही. अभिसरण होतं, सावकाश होतं.

मग मुद्दाम अतिशिथिलीकरणाचा गुणक (दर फेरीला किती मोठी उडी घ्यायची तो आकडा) वाढवून बघितला. १ वर सुरळीत. १.७ वर ओ१ च्या बिल्डचा शेष (उरलेली चूक) सपाट्याने खाली जातो, ओ३ चा आधी हिंदकळतो, मग वाढत जातो आणि शेवटी नॅन. हे गणिताशी जुळतं: याकोबीला एकच्या वरचा गुणक सोसत नाही, आणि हा लूप आडव्या दिशेने तीन-चतुर्थांश याकोबी झालेला. सेटिंगच्या फाइलीत गुणक १ वर का खिळवून ठेवला होता तेही कळलं. कोणाला तरी हा नॅन दिसला असणार, आणि त्याने गुणकालाच दोषी धरलं.

आता रेस्ट्रिक्ट काढून तोच ओ३ चालवला. फेऱ्या ओ१ शी तंतोतंत जुळल्या. लूपआधीची पत्त्यांची तपासणी परत आली, तिला दोन्ही ॲरे एकच दिसले, आणि तिने साध्या वाटेला वळवलं. परवा ज्या पाच तुलनांना मी किंमत दिली नव्हती त्या इथे राखण करत होत्या.

डब्ल्यू-रेस्ट्रिक्ट वॉर्निंग (जीसीसी ७ पासून आहे, डब्ल्यू-ऑलमध्ये येते) इथे गप्प का? कॉलमध्ये दोन्ही जागी एकच नाव असतं तर तिने पकडलं असतं. पण पॉइंटर वर कुठेतरी अटीने ठरतो: पर्याय गाउस-सायडल असेल तर ‘बाहेर’ म्हणजे पातळीचा ॲरे, नाही तर तात्पुरता. नावं दोन, ॲरे एक. ते धावतानाच कळणार.

१९ नोव्हेंबर

फंक्शनं वेगळी केली. याकोबीला दोन पॉइंटर, रेस्ट्रिक्टसह. गाउस-सायडलला एकच पॉइंटर, जागच्या जागी. खोटं बोलायला वावच नाही. वेगासाठी तिसरं, लाल-काळं: बुद्धिबळाच्या पटासारखी आधी एका रंगाची घरं, मग दुसऱ्या. एका रंगाचं घर दुसऱ्या रंगाच्याच शेजाऱ्यांवर अवलंबून, त्यामुळे इथे ओएमपी सिम्डची प्राग्मा (‘चौकटी एकदम उचल’ अशी कोडातूनच कंपाइलरला सूचना) खरी आहे. एकाच ॲरेत ठेवलं तर एक सोडून एक घर वाचावं लागतं आणि एव्हीएक्स२ ला ते आवडत नाही, म्हणून लाल आणि काळे वेगळ्या ॲरेत काढायचे. ज्युनिअर करतेय.

तिने विचारलं, जीसीसीची आयव्हीडेप प्राग्मा लावली तर? ४.९ पासून आहे. ती म्हणते की एका फेरीचं दुसऱ्या फेरीवर काही अवलंबून नाही. साध्या गाउस-सायडलवर लावली तर कालचाच घोळ, फक्त शब्द वेगळा.

२१ नोव्हेंबर

फोरट्रानवाले सर अमळनेरहून आले. आल्याआल्या, “काय करी ऱ्हायना रे भाऊ?” स्क्रीनवर रेस्ट्रिक्ट पाहिलं आणि हसले. त्यांचं म्हणणं, फोरट्रानमध्ये हा शब्दच लिहावा लागत नाही. सबरूटीनला दिलेल्या दोन ॲरेंपैकी एकात लिहायचं असेल तर ते एकमेकांवर चढलेले नसावेत, हा भाषेचाच नियम. चढलेले दिले तर चूक बोलावणाऱ्याची. पॉइंटर किंवा टार्गेट असं जाहीर केलेलं असेल तर गोष्ट वेगळी.

मी म्हटलं, सर, मग नदीच्या कडेचं तुमचं सबरूटीन आपल्या सी-मधून कसं बोलावलंय ते बघू. दोन जागी एकच ॲरे! सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “हे आपण नाही लिहेल.” खरंच नव्हतं, बोलावणारी ओळ सी-च्या बाजूची होती. तिथे तात्पुरता ॲरे घातला. इंटेलच्या फोरट्रानला ‘अझ्यूम डमी-अलियासेस’ असा पर्याय आहे, तो लावला की कंपाइलर ह्या नियमावर विसंबत नाही. पण एका कॉलसाठी सगळ्या सबरूटीनांचा वेग कशाला घालवायचा.

चहाबरोबर सरांकडून नोअलियासची गोष्ट निघाली. सी-चं पहिलं प्रमाण तयार होत असताना समितीने ‘नोअलियास’ नावाचा शब्द भाषेत घालायचं जवळजवळ ठरवलं होतं. १९८८ मध्ये सी-चे जनक डेनिस रिची यांनी त्याविरुद्ध सडकून पत्र लिहिलं: हा गेलाच पाहिजे, यात वाटाघाट नाही. गेला. अकरा वर्षांनी सी९९ मध्ये रेस्ट्रिक्ट आलं. सरांचं मत: भाषा कुठलीही घ्या, हमी पाळायची असते ती फंक्शन बोलावणाऱ्याने, आणि तो फंक्शनची सही वाचतच नाही.

२५ नोव्हेंबर

उद्या-परवा हा कोड बाहेरच्या क्लस्टरवर (जोडलेल्या संगणकांचा संच) न्यायचा आहे, म्हणून इतर कंपाइलरांच्या नोंदी. जीसीसीचा ‘नो’ सावध करतो, तर खालच्यांतले काही बेधडक करतात. दिशा उलटी, हे विसरू नये.

इंटेलचा जुना आयसीसी: एफनो-अलियास म्हणजे ह्या फाइलीत कुठलेच दोन पॉइंटर एका जागेला लागत नाहीत. केवढी मोठी हमी! एफ-आर्ग्युमेंट-नोअलियास जरा सभ्य: फक्त फंक्शनला आलेले पॉइंटर एकमेकांपासून वेगळे. आपल्या १८ तारखेच्या कॉलला हे दोन्ही सारखेच घातक. आयसीसी स्वतः वनएपीआय २०२४.० पासून बंद आहे, पण त्याच्या काळातल्या मेकफाइली हातोहात फिरत आहेत. दुसऱ्याची मेकफाइल उचलताना आधी हे फ्लॅग शोधावेत.

एनव्हिडियाचा (पूर्वीचा पीजीआय) एम-सेफपीटीआर: आर्ग्युमेंट, लोकल, स्टॅटिक, ग्लोबल असं वेगवेगळं सांगता येतं.

आयबीएमचा क्यू-अलियास: एकच कंपाइलर, एक्सएलसी नावाने बोलावला तर प्रकारांचा नियम पाळला जातो असं धरतो, सीसी नावाने बोलावला तर धरत नाही.

सन स्टुडिओचा एक्स-अलियास-लेव्हल: सात पायऱ्या, ‘एनी’ पासून ‘स्ट्राँग’ पर्यंत. मला सगळ्यांत प्रामाणिक हाच वाटतो. किती विश्वास ठेवायचा ते पायरीने सांगता येतं, हो-नाहीचा जुगार नाही.

२ डिसेंबर

रेस्ट्रिक्टची हमी मोडली तर पकडायचं कसं? ॲड्रेस सॅनिटायझर (हद्दीबाहेरचं वाचन-लेखन पकडणारं साधन) पकडत नाही. ॲरे आपल्याच हद्दीत आहे, त्याला आक्षेप कसला. २०२५ मध्ये आलेल्या एलएलव्हीएम २० च्या क्लँगमध्ये (दुसरा एक कंपाइलर) टाइप सॅनिटायझर आहे, एफ-सॅनिटाइझ-इक्वल्स-टाइप. फ्लोटची जागा पूर्णांक म्हणून वाचली की ओळ क्रमांकासह सांगतो. ७ तारखेच्या घोटाळ्यावर मुद्दाम सोडून पाहिला, लगेच बोट ठेवलं. पण १८ च्या घोटाळ्यात प्रकार एकच, डबल आणि डबल. त्याला तिथे काहीच दिसत नाही.

म्हणून स्वतःचं छोटं फंक्शन लिहिलं. दोन ॲरेंची सुरुवात आणि लांबी घेतं, पत्ते पूर्णांकात बदलून बघतं की एकाची हद्द दुसऱ्यात शिरते का. रेस्ट्रिक्ट असलेल्या प्रत्येक फंक्शनच्या पहिल्या ओळीला असर्टमध्ये (अट मोडली की प्रोग्रॅम थांबवणारी ओळ). डीबग बिल्डमध्ये तपासतं, रिलीजमध्ये गायब. पहिल्याच रनला थर बदलण्याच्या फंक्शनमध्ये एक ओव्हरलॅप पकडला. तिथे मेमकॉपी होतं, मेममूव्ह (एकमेकांत शिरलेल्या जागांनाही चालणारं) हवं होतं. मेमकॉपीच्या सहीतही सी९९ पासून रेस्ट्रिक्ट आहे, हे लक्षात कोण ठेवतं! २०१० साली ग्लिबसीचं (लिनक्सवरची सी-ची लायब्ररी) मेमकॉपी नव्या तऱ्हेने कॉपी करू लागलं, तेव्हा फेडोरा १४ वर फ्लॅश प्लेयरच्या व्हिडिओंचा आवाज बिघडला होता. कारण हेच, एकमेकांत शिरलेल्या जागा आणि मेमकॉपी.

ज्युनिअर आलेख नमपायमध्ये (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) काढते, तिने तिथलं विचारलं: ॲरेचा एक तुकडा त्याच ॲरेच्या सरकवलेल्या तुकड्यात मिळवला तर? नमपाय १.१३ पासून, म्हणजे २०१७ पासून, ओव्हरलॅप दिसला की तो आधी तात्पुरती प्रत काढतो. त्याआधी उत्तर मेमरीच्या मांडणीवर अवलंबून असे.

६ डिसेंबर

काम अर्धा दिवस. संध्याकाळी रावेरच्या बाजूला आप्पांच्या मळ्यात भरीत पार्टी. बामणोदची वांगी, पऱ्हाट्यांवर भाजलेली, कळण्याची भाकरी. आप्पांच्या बोअरची नोंद आपल्या निरीक्षण विहिरींत आहे. त्यांना मॉडेलचा आलेख मोबाइलवर दाखवला. “माझ्या बोअरला २००३ मध्ये पाणीच नव्हतं असं म्हणतो हा? मी तेव्हा केळी कापली त्याच्यावर.” आलेख जुन्या बिल्डचा होता, ती नोंद उलट्या बाइटांच्या फाइलीतली. पण जुन्या बिल्डमध्ये तर ‘नो’ होता. मग तिथे शून्य कसं?

७ डिसेंबर

कळलं. जुने आलेख खिडकीवाल्या प्रोग्रॅममधून काढले जात, आणि तो वेगळ्या मेकफाइलने बांधला जातो. तिथे ‘नो’ कोणी लावलाच नव्हता. वाचणारी फाइल तीच, फ्लॅग वेगळे. सॉल्व्हरचे आकडे बरोबर होते, लोकांना दाखवलेल्या चित्रांतल्या निरीक्षणाच्या रेषा चूक होत्या. ७ नोव्हेंबरची दुरुस्ती फाइलीतच केल्यामुळे इथेही लागू झाली. फ्लॅगने केली असती तर लागू झाली नसती. ज्या अहवालांत ते आलेख गेलेत त्यांची यादी काढायला सांगितली आहे, आलेख बदलून पाठवावे लागतील.

१० डिसेंबर

सध्याची मेकफाइल: ओ३, एम-आर्च-नेटिव्ह, डब्ल्यू-ऑल. ‘नो’ फक्त लॉगरच्या लायब्ररीला, वर कॉमेंटमध्ये कारण आणि फाइलीचं नाव. दोन्ही मेकफाइली एकाच सामाईक फाइलीतून फ्लॅग घेतात.

तीस वर्षांचा रन आता दुपारी जेवायच्या आधी लावला तर संध्याकाळी निघायच्या आत पुरा होतो. यातला मोठा वाटा लाल-काळ्या सॉल्व्हरचा आणि १.७ गुणकाचा आहे, अलियासिंगचा नाही. पण रेस्ट्रिक्टची खोटी हमी काढल्याशिवाय १.७ लावताच आला नसता.

राहिलेलं: निकाल मधूनमधून डिस्कवर ठेवणं, क्लस्टरवरचा कंपाइलर कोणता ते विचारून घेणं, आणि आप्पांना दुरुस्त आलेख पाठवणं. तो ज्युनिअरने आजच पाठवला. त्यात २००३ ला पाणी आहे.